एकाच मादीची अंडी

बरणीच्या काचेला आतून चिकटलेला तो पतंग, तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठा, करडा, पंखावर तिरकी पांढरी रेघ — आणि त्याला खेटूनच दुसरा. विटकरी. बिनरेघेचा. मारितने भिंग खाली ठेवलं, पुसलं, पुन्हा उचललं. विटकरीच होता. सरोवरावरचं धुकं सकाळपासून खिडकीला टेकून बसलं होतं.

"सतरा निघाले, आई! अकरा आपले, सहा ते दुसरे," ब्रिटा तोंडात टोस्टचा घास ठेवूनच म्हणाली. "आणि सगळी सख्खी भावंडं. आहे की नाही गंमत?"

गंमत... विटकरी पतंगाला शंभर वर्षांपूर्वीच कुणी नाव देऊन ठेवलेलं. करड्याला मारितने दिलं होतं, नऊ वर्षांपूर्वी, ही वेगळीच जात आहे असं छातीठोकपणे छापून — आणि त्या नावात सॉल्वेग होती, तिची पहिली मुलगी, अकरा दिवसांची होऊन गेलेली, जिचं नाव ना कुठल्या हजेरीपटावर चढलं, ना कुणी अंगणातून ओरडून घेतलं. फक्त संग्रहालयातल्या एका खणात, टाचणीखालच्या चिठ्ठीवर ते होतं. आता एकाच आईच्या पोटी दोन्ही रंग निघाले म्हणजे जात एकच, आणि जुनं नाव राहतं, नवं जातं. नियमच तो. दुसऱ्यांनी दिलेली अशी कितीतरी नावं तिने स्वतः खोडली होती, कॉफीचे घोट घेत.

"बरणीत नक्की एकच मादी ठेवली होतीस ना?"

"एकच. ओसरीवर सापडलेली."

"अळ्यांना घातलेल्या विलोच्या पानांवरून दुसऱ्या कुणाची अंडी आली असतील. नीट आठव."

"पानं तूच धुऊन दिलीस की!" ब्रिटाने टोस्ट खाली ठेवला. "मी खोटारडी आहे का?"

धुतली होती. एकेक पान, दोन्ही बाजूंनी. तरी पुढचं वाक्य जिभेवर तयारच होतं — तू लहान आहेस, तुझीच चूक झाली असेल — आणि सात वर्षांच्या पोरीने ते मानलंही असतं. थोडी रडली असती, मग विसरली असती... चिठ्ठी खणात राहिली असती.

ब्रिटा उत्तराची वाट बघत होती. हनुवटीला जॅम. उजव्या भुवईत बारीकशी खाच — ही कधीची? कुठे पडली होती का ही? अकरा दिवसांतला तास न् तास मारितला पाठ होता, आणि ही खाच... विचारावं असं तिला वाटलं, आणि विचारायची लाज वाटली.