पणजीचा डावा गाल

मी भोचक आहे, हे स्वानंदला लग्नाआधीच सांगायला हवं होतं. माझा नवरा इथे जपानात, त्सुकुबात संशोधन करतो. मी मोरिता-सान यांच्या कार्यशाळेत जुनी चित्रं साफ करण्याचं आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम करते. त्सुनामीनंतर दीड वर्षाने तिथे ओगाता-आजींचं चित्र आलं. ऐंशी वर्षांच्या या आजींचं घर, फोटो, सगळं समुद्राने नेलं. चिखलात सापडली ती एवढी त्यांची पणजी. कुणा अमेरिकन चित्रकाराने १८९३ साली योकोहामात रंगवलेली.

"चेहरा होता तसा परत द्या," इतकंच आजी म्हणाल्या होत्या.

त्या काळचे हे अमेरिकन चित्रकार मोठे खमके. कित्येक जण पॅरिसला शिकून आलेले. मागे काळोख ठेवायचा आणि माणूस दिसेल तसा रंगवायचा, गिऱ्हाईक रुसलं तरी बेहत्तर. यानेही पणजीच्या हातावरची शीर न् शीर रंगवली होती, नखातला मळसुद्धा. मग गालच तेवढा सोललेल्या अंड्यासारखा कसा? मला काही चैन पडेना.

चिखल काढायला आमच्या कामात एक साधा, सौम्य उपाय असतो: थुंकी. कापसाचा बोळा जिभेवर ओला करायचा आणि हलकेच फिरवायचा.

"कुणाच्या तरी पणजीला उष्टं लावतेस? शी! लॅबमध्ये सांगितलं तर कोणी बिलीव्ह नाही करणार," स्वानंद म्हणतो.

मलाही कसंतरीच होतं. म्हणून आधी चित्राला नमस्कार करते, मग बोळा तोंडात घालते.

एके दिवशी मोरिता-सान टोकियोला गेले होते. विचारायला कोणी नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला विचारायचंही नव्हतं. डाव्या गालावर बोळा फिरवला आणि कापूस गुलाबी झाला. भिंगातून पाहिलं, तर खाली दुसराच गाल, देवीच्या व्रणांनी भरलेला. चित्रकाराने एकेक खळगा मन लावून रंगवला होता. वरचा गुलाबी लेप मागाहून कुणीतरी थापलेला, खाऱ्या पाण्याने सैल झालेला.

आजींनी जन्मभर पाहिलेला चेहरा मी नखाएवढा पुसून टाकला होता.

मोरिता-सान फोनवर ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "कौमुदी-सान, त्यांना तुम्हीच सांगा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. मी कमरेत वाकून माफी मागितली. "ओगाता-सान, बाकीचा लेप तसाच ठेवता येईल. पुसलेलं भरूनही देता येईल."

त्यांचं लक्षच नव्हतं. नाक कॅनव्हासला लागेल इतक्या त्या जवळ गेल्या. मग त्यांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. त्यांच्या गालांवर तेच व्रण होते.

"युद्धानंतर साथ आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "आई हिच्याकडे बोट दाखवून म्हणायची, आपल्या घरात तुझ्यासारखा चेहरा कुणाचाच नव्हता."

त्यांनी खुर्ची ओढली आणि चित्रासमोर बसल्या.

"सगळं पुसा. मी थांबते."