मोकळ्या भूखंडाची मोजणी

जळता फोम पाण्यासारखा ओघळतो, त्याच्यापुढे शूरपणा चालत नाही, असं दादा नेहमी सांगायचा. बंबावर बावीस वर्षं काढलेला माणूस तो. तरी गादीवाल्याच्या गोदामाला भरदुपारी आग लागली तेव्हा त्याला नको तितकं जवळ जावं लागलं. सात ठिकाणी पट्ट्या मारलेला पाण्याचा पाइप आठव्या ठिकाणी फुटला आणि उरलेला आखूड पडला. आत दोन कामगार अडकले होते. ते बाहेर आले, पण छपरातून ओघळलेला फोम दादाच्या दोन्ही हातांवर पडला.

नव्या पाइपाची मागणी चार वर्षं नगरपालिकेत धूळ खात होती. दर वर्षी शेरा एकच : निधी उपलब्ध नाही.

दादाची धाकटी बहीण त्याच नगरपालिकेत कर विभागात होती. इमारती मोजायच्या आणि त्यांच्यावर कर आकारायचा, हे तिचं काम. पर्समध्ये रुमाल नसला तरी चालेल, मोजपट्टी हवीच, म्हणून सगळे तिला टेपताई म्हणत. कोणाच्या अध्यात ना मध्यात, अशी तिची ख्याती.

तिसऱ्या दिवशी गादीवाला इस्पितळात आला. दादा आत पट्ट्यांत गुंडाळलेला, बाहेर बाकावर वहिनी आणि टेपताई. त्याने "कसं आहे आता?" असं विचारलं खरं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. बरोबरच्या मॅनेजरकडे वळून चढ्या आवाजात म्हणाला, "आपण कर भरायचा तो कशाला, सांग बरं! वेळेला यांच्याकडे धड पाइप नाही. माझं गोदाम गेलं ना!"

वहिनीने मान खाली घातली. टेपताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती उठली, कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली आणि म्हणाली, "बसा ना, मालक. दमला असाल."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच तिने त्याच्या जागेचं रजिस्टर काढलं. तीन गोदामं, एक कारखाना, दुमजली ऑफिस. सगळं गाव येताजाता बघत होतं. रजिस्टरात मात्र लिहिलं होतं : मोकळा भूखंड, बांधकाम नाही. चौदा वर्षं तो गवताचा कर भरत होता. कचेरीसमोरचा शिंपी आपल्या हातभर दुकानाचा त्याहून जास्त भरायचा.

'स्थळपाहणी केली', असा खाली शेरा होता आणि त्याखाली सही. सही तिची.

तिला सगळं आठवलं. नोकरीचा पहिला उन्हाळा. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, "मी बघून आलोय. तू कुठे उन्हात जातेस? सही कर नुसती." तिने केली. ते साहेब केव्हाच वर गेले होते, आणि तिथे नोटीस बजावायची सोय नव्हती.

ती बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसली. पान फाडलं असतं तर कोणाला कळलंही नसतं, पण मग गादीवालाही सुटला असता. बुडायचंच असेल तर त्याला काखोटीला मारून बुडायचं, असं तिने ठरवलं. त्या दिवशी तिने दोन कागद लिहिले. दोन्हींवर आवक शिक्का मारून घेतला आणि मगच बाहेर पडली.

दुसऱ्या सकाळी कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने तिला अडवलं. तिने फेरमोजणीचा आदेश त्याच्या नाकासमोर धरला. मग दिवसभर ती मोजत राहिली. कारखाना मोजला, ऑफिस मोजलं, जिन्याखालची कोंदट खोलीसुद्धा सोडली नाही. शेवटी जळक्या गोदामात शिरली. पायाखाली काळा चिकट थर होता, चप्पल उचलताना चर्र वाजायचं. इथेच कुठेतरी दादा उभा होता. तिने पट्टी ताणून धरली, मोजमाप इंचभर चुकलं नाही.

गादीवाल्याने तिला ऑफिसात बोलावलं. चहा मागवला.

"ताई, तुमचे बंधू म्हणजे माझे बंधू. त्यांच्या औषधपाण्याचं मी बघतो. तुम्ही जरा सबुरीने घ्या."

"चहा नको," ती म्हणाली. "हा जिना कधी बांधला?"

त्याचा चेहरा बदलला. "जास्त खणू नका. त्या रजिस्टरात सही कोणाची आहे, माहीत आहे ना? मी बोललो तर तुमची नोकरी जाईल."

"माझी सही आहे, मालक. काल मीच लेखी कळवलंय." तिने वही मिटली. "माझं मी भरणार आहे. आता तुमचं बघू."

त्याच्या हातातला कप बशीत खणखणला. आग लागल्यापासून पहिल्यांदाच तिला थंड वाटलं.

कचेरीत साहेबांनी डोक्याला हात लावला. "अगं बाई, तुला कोणी विचारलं होतं? पत्र मागे घे." तिने घेतलं नाही. चौदा वर्षांची थकबाकी दंडासकट निघाली. गादीवाला वरपर्यंत गेला, दोन वकील लावले, अपील हरला. जप्तीची नोटीस चिकटवायला शिपाई निघाला तेव्हा तिने खळीचा डबा त्याच्या हातातून घेतला. ऑफिसात बाहेरगावचे व्यापारी बसले होते. काचेच्या दारावर, त्यांच्या डोळ्यांदेखत, तिने नोटीस लावली आणि चारही कोपरे तळहाताने दाबून बसवले.

पुढच्याच आठवड्यात ती निलंबित झाली. सहीची गोष्ट पेपरात आली. दादाने ती वहिनीकडून वाचून घेतली. टेपताई त्याच्या घरी गेली तेव्हा तो खिडकीशी बसला होता.

"चौदा वर्षं," तो म्हणाला. "तेवढ्या पैशांत किती पाइप आले असते गं?"

तिने विचारलं, "रागावलास?"

"रागावलोय. पण तुझा नंबर नंतर. आधी त्याच्यावरचा राग संपू दे."

"मग सावकाश संपव," ती म्हणाली. दादा हसला नाही, पण "जेवून जा" म्हणाला.

सात महिन्यांनी तिला कामावर घेतलं ते पगार कापून आणि कर भरण्याच्या खिडकीवर बसवून. तोवर अग्निशमन केंद्रात नवे पाइप आले होते, बंबही आला होता. दादाला तिथे फोन घ्यायचं काम मिळालं. गादीवाल्याने एक गोदाम विकलं आणि उरलेल्या रकमेचे हप्ते पाडून घेतले. नगरपालिकेची अट एकच होती, हप्ता त्याने स्वतः येऊन भरायचा.

पहिल्या हप्त्याला तो आला. मॅनेजरने पुढे घुसायचा प्रयत्न केला, तशी रांगेतली एक म्हातारी कडाडली, "ए, आम्ही काय फुकट उभे आहोत?" गादीवाला मुकाट मागे गेला. पंखा नव्हता. तासाभराने त्याचा नंबर आला. त्याने जाळीतून चेक आत सरकवला.

टेपताईने घड्याळाकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीला दोन मिनिटं होती. दोन मिनिटांसाठी तिने आजवर कोणालाही थांबवलं नव्हतं.

"दोननंतर या," ती म्हणाली आणि फळी लावून घेतली.

डब्यात नुसती पोळीभाजी होती. ती तिने तासभर पुरवून खाल्ली.