दोघांची परवानगी

एका सकाळी चहा पिता पिता आईने सांगून टाकलं, "ह्यांना इकडे आणायचं."

लेक चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. ती कामावर निघायच्या घाईत होती, त्यामुळे कुणाला आणायचं हे तिला आधी कळलंच नाही. वडील जाऊन दहाएक वर्षं झाली होती. जुन्या गावच्या दफनभूमीत त्यांना पुरलं होतं. पुढे आईचे गुडघे बोलायला लागले आणि ती लेकीकडे राहायला आली. आता तिकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस गाडीत आणि उरलेला अर्धा पाय चोळण्यात जायचा.

"इथल्या दफनभूमीत मी जागा घेऊन ठेवली आहे, दोघांची," आई म्हणाली. "मी एकटी पडून काय करू तिथे?"

लेकीने रजा टाकली आणि ती जुन्या गावच्या नगरपालिकेत गेली. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला.

"हलवण्याचं कारण?"

"गुडघे."

"कुणाचे?" त्याने मान वर करून विचारलं. मग स्वतःच ओशाळला. "म्हणजे, अर्जदार तुमच्या आई ना? ठीक आहे, लिहितो."

नियम त्याने सावकाश समजावून सांगितले. एकदा पुरलेल्या माणसाला कुणाच्या मर्जीने उकरता येत नाही. आधी जवळच्या नातेवाइकाचा अर्ज, नवीन जागी घेणार असल्याचं तिथल्या दफनभूमीचं पत्र, मग आरोग्य खात्याची मंजुरी. आणि ज्याच्या नावावर कबरीची जागा आहे, त्याची संमती. तिथे येऊन तो थांबला.

"त्या कबरीत खाली आणखी एक बाई आहेत. यांच्या पुष्कळ आधीच्या."

"वडिलांची पहिली बायको," लेक म्हणाली. "मला माहीत आहे."

"जागा त्यांच्या माहेरची आहे. सध्या त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावावर. त्या हो म्हणेपर्यंत तिथे फावडंही लावता येणार नाही."

ही धाकटी बहीण म्हणजे टेलिफोनमावशी. आयुष्यभर टेलिफोन खात्यात नोकरी केली म्हणून वडील तिला तसं म्हणायचे. लेकीने तिला फक्त वडिलांच्या अंत्यविधीला पाहिलं होतं. ती त्याच गावात, बाजारामागच्या इमारतीत एका खोलीत राहत होती. खोलीभर खोकी बांधून ठेवली होती. मावशीने एका खोक्यावरची चादर काढली आणि लेकीला त्यावर बसवलं.

"मी नाही म्हणणार नाही," सगळं ऐकून मावशी म्हणाली. तिचा आवाज वयाच्या मानाने फार स्वच्छ होता. "नवऱ्याजवळ असावं असं तुझ्या आईला वाटतं, त्यात चूक काय? पण माझंही ऐक. मी पुढच्या महिन्यात वृद्धाश्रमात चालले. तो इथून लांब आहे. तुझे वडील गेले, मी गेले, म्हणजे ताईला इथे कोण? थडग्यावर गवत वाढेल आणि विचारायलाही कुणी येणार नाही."

"मग काय करायचं?"

"न्यायचं तर दोघांना न्या."

लेकीला परतीचा सगळा प्रवास आईला हे कसं सांगायचं याच विचारात गेला. शेवटी आडवळणं न घेता तिने सरळ सांगितलं. आईने ऐकून घेतलं. हातातली भाजी निवडून संपवली.

"तेवढीच राहिली होती माझ्या घरात यायची," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पहिलीचा फोटो बैठकीत असायचा आणि त्याच्यावरची धूळ आईच पुसायची. वडिलांनी दोघींची कधी तुलना केली नाही. ते पहिलीबद्दल अवाक्षर काढत नसत, आणि आईला सलायचं ते नेमकं हेच. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. न बोलणाऱ्या माणसाच्या मनातली बाई सुगरण असते, गोड गळ्याची असते आणि कधी म्हातारीही होत नाही.

पुढचे काही दिवस तो विषय घरात निघाला नाही. मग एका दुपारी आईने लेकीकडून मावशीचा नंबर मागून घेतला. लेकीला वाटलं, आता शब्दाने शब्द वाढणार. ती दाराशीच घुटमळत राहिली.

"हॅलो, मी बोलतेय. ह्यांची बायको. म्हणजे, दुसरी," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "कशी होती हो ती?"

पलीकडून मावशी काय सांगत होती ते लेकीला ऐकू येत नव्हतं. आईचं तेवढं कानावर येत होतं.

"काय सांगता? रोज?... आणि ते काही बोलायचे नाहीत?... करपलेलंच प्यायचे?"

आई हसायला लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मग फोन ठेवला.

"दूध ठेवायची आणि पुस्तक वाचत बसायची म्हणे," ती लेकीला म्हणाली. "एक भांडं धड ठेवलं नव्हतं. लग्न झाल्यावर ती काळी भांडी मीच घासली, आणि मला वाटायचं, हा ह्यांचा गबाळेपणा." मग जरा वेळाने, "एकटी टाकून कसं यायचं तिला? दोघांचा अर्ज कर."

लेक पुन्हा त्याच खिडकीशी गेली. पहिलीसाठी मावशीने वेगळा अर्ज केला. नवीन जागा दोघांचीच होती. पण इतक्या जुन्या अवशेषांना छोटी पेटी पुरते आणि जागेच्या मालकाची हरकत नसेल तर ती त्याच कबरीत ठेवता येते, असं कारकून म्हणाला. मालक आईच होती. फक्त तिचं मृत व्यक्तीशी नातं काय, हे लिहायचं राहिलं होतं. लेकीने तिथूनच आईला फोन लावला.

"सवत लिही," आई म्हणाली.

कारकुनाने पेन थांबवलं. "असं लिहिल्याचं आजवर पाहिलं नाही. पण खोटं नाही ना, मग राहू दे."

मंजुरी आल्यावर आरोग्य खात्याने एका सकाळची वेळ दिली. कबरीभोवती हिरव्या कापडाचा आडोसा केला होता. आत आरोग्य अधिकारी बाई आणि खोदणारी माणसं होती. बाहेर दोन खुर्च्यांवर आई आणि मावशी बसल्या होत्या. वडिलांची पेटी लवकर बाहेर आली. त्यानंतर मात्र आत बराच वेळ नुसता माती ओढल्याचा आवाज येत राहिला.

"काही सापडत नसेल," मावशी म्हणाली. तिचा स्वच्छ आवाज पहिल्यांदाच कापला. "इतकी वर्षं झाली. मी उगाच हट्ट केला."

आईने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला.

अधिकारी बाई आडोशाबाहेर आल्या. हातमोजे काढून मावशीसमोर वाकल्या. "थोडंच आहे, पण आहे. बाकी माती झाली. हवी असेल तर त्यातली मूठभर मी पेटीत घालते, त्याला मनाई नाही."

"घाला," मावशीच्या आधी आईच म्हणाली.

दोन्ही पेट्यांना सील लागलं. मावशीने सही केली, आईने केली. दुपारी उशिरा इकडच्या दफनभूमीत दोन्ही पेट्या खाली उतरल्या, मोठीच्या शेजारी छोटी. आईसाठी वरची जागा मोकळी राहिली. माती टाकताना कुणी फारसं रडलं नाही. मावशीने कबरीची कड हाताने साफ केली आणि म्हणाली, "बरी जागा आहे. ऊन येतं."

त्या दिवशी मावशीला परत जाऊ द्यायला आई तयार होईना. वृद्धाश्रमाच्या तारखेला अजून थोडे दिवस होते, आणि आईच्या खोलीत दुसरी खाट मावत होती. लेक स्वयंपाकघरात चहा करत होती तेव्हा त्या खोलीतून दोघींची कुरबुर ऐकू आली. मावशीला खिडकी उघडी हवी होती आणि आईला बंद.