पोशेऱ्याचा तारपा आणि मास्तरांचा बाजा

मी एक जुना तारपा आहे, तोंडाने फुंकून वाजवायचं वाद्य. जुना म्हटलं म्हणून हळहळू नका, मित्रांनो. पोशेऱ्यात लक्ष्याच्या घरी चुलीच्या वर मी टांगलेला असतो आणि धुराने काळाकुळकुळीत झालो आहे. पण सबंध जव्हार संस्थानात माझ्यासारखा घुमणारा तारपा दुसरा नव्हता, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

माझा जन्म छपरावरचा. लक्ष्याची बायको सुकरी हिने चढवलेल्या वेलाला एक भला मोठा कडू दुधी धरला. शेजारणींचा त्याच्यावर डोळा होता, पाणी ठेवायला बरा म्हणून. सुकरीने कोणाला हात लावू दिला नाही. दुधी वेलावरच वाळला, मग लक्ष्याने तो पोखरला, त्यात भोकं पाडलेल्या बांबूच्या दोन नळ्या बसवल्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांबलचक कर्णा वळला. सगळे सांधे रानमधाच्या मेणाने बुजवले. हे मेण म्हणजे माझा जीव. ते तडकलं की वारा निसटतो आणि माझी वाचाच बसते.

लक्ष्या नाकाने श्वास घ्यायचा आणि त्याच वेळी तोंडाने मला देत राहायचा. उन्हं कलल्यापासून चुली पेटेपर्यंत सूर कुठे तुटायचा नाही. नवं भात घरात आलं की मला खाली काढायचे. बायाबाप्ये एकमेकांच्या कमरेत हात घालून फेर धरायचे. सगळ्यांच्या पुढे पाड्यातली रुपी असायची, हातातली घुंगरांची काठी जमिनीवर आपटत. लक्ष्या मधोमध उभा राहून सगळ्यांच्या पायांकडे बघायचा. पाय जड झाले की सूर बदलायचा, आणि तो वळेल तसा फेर वळायचा. नाचता नाचता मला पाठ मात्र कोणी दाखवायची नाही, असा आमचा रिवाज आहे. जव्हारला राजापुढून लोक पाठ न दाखवता मागे सरतात असं मी ऐकून आहे. तिथे तो मान राजाचा, इथे माझा!

याच फेरात लहानपणी मंगळू नाचायचा. कुणब्याचा पोर, पुढे शिकला आणि मोखाड्याच्या शाळेत मास्तर झाला. त्याला दोन वेडं होती, गाण्याचं आणि लिहिण्याचं. ठाण्याच्या एका साप्ताहिकात त्याचं लिखाण छापून यायचं. एकदा त्याने माझ्यावर लिहिलं आणि अंगणात बसून सगळ्यांना वाचून दाखवलं. मी असा फुगलो की काही विचारू नका. पण त्याच्यात एक फरक पडला होता. आता तो फेरात यायचा नाही, वही घेऊन कडेला बसायचा.

लक्ष्या त्याला म्हणायचा, "मास्तर, बसून काय ऐकताव? तारपा पायांनी ऐकायचा."

मास्तर हसायचे आणि लिहीत राहायचे.

मग एका वर्षी मास्तरांनी मुंबईहून तबकड्यांचा बाजा आणला. पितळी कर्ण्याचा, चावी देऊन वाजणारा. खोटं कशाला बोलू, त्यातल्या बाईचा गळा गोड होता. नव्या भाताच्या दिवशी आमचा फेर रंगात आलेला असताना कोणीतरी येऊन सांगितलं, मास्तरांचा बाजा आता गाणार. झालं! कमरेतले हात सुटले. निम्मा फेर मोखाड्याच्या वाटेला लागला आणि जन्मात पहिल्यांदा मी लोकांच्या पाठी पाहिल्या. उरलेल्या पाचजणांसाठी लक्ष्या शेवटपर्यंत वाजवत राहिला. मला फार वाईट वाटलं.

पुढची दोन वर्षं त्याने मला खाली काढलंच नाही. कर्णा उंदरांनी कुरतडला, मेण तडकलं. सुकरी त्याच्यामागे लागायची, "वाजव कवातरी. दम बसला तं परत यायचा नाय."

"कोणापुढं वाजवू?" एवढंच तो म्हणायचा.

पाड्यात मला फुंकणारा दुसरा कोणी नव्हता. लक्ष्याचा दम गेला की माझा आवाजही कायमचा जाणार, हे मला आढ्याला टांगल्याटांगल्या कळत होतं.

तिसऱ्या वर्षी नव्या भाताला मास्तर स्वतः बैलगाडीत बाजा घालून पोशेऱ्याला आले. मनात कपट नव्हतं हो. "लक्ष्यादादा, तुम्ही आता थकलात," ते म्हणाले, "तुम्ही बसा. फेराला हा वाजेल."

बाजा अंगणाच्या मध्ये मांडला. लोकांनी कमरेत हात घातले, रुपीने काठी आपटली, बाई गाऊ लागली आणि फेर फिरू लागला. पाय लयीत पडायला लागतात न लागतात तोच तबकडी संपली. सगळ्यांचा एक पाय वरच! मास्तरांनी धावत दुसरी लावली. ती अर्ध्यात आली आणि चावी उतरली. बाई पेंगल्यासारखी गाऊ लागली, तसे नाचणारेही पेंगल्यासारखे नाचू लागले. मग जो हशा पिकला! मास्तर घामाघूम होऊन चावी फिरवत होते. मी आढ्यावरून मनसोक्त हसलो, ते काही लपवत नाही.

रुपी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "अरं मंगळू, तुझा बाजा गातो ब्येस. पण तो आमच्या पायांकं बघत नाय."

मास्तरांनी चावी सोडली. मग ते उठले, घरात आले आणि त्यांनी स्वतः मला खाली काढलं. माझी दशा बघून त्यांचे डोळे भरून आले. सुकरीने मेण दिलं. ज्या हातांनी माझ्यावर लिहिलं होतं, त्याच हातांनी त्यांनी ते चोळून ऊन केलं आणि लक्ष्या दाखवेल तसं प्रत्येक सांध्याला लावलं. कुरतडलेल्या कर्ण्यावर लक्ष्याने नवं पान गुंडाळलं.

फेर उभाच होता. लक्ष्याने मला तोंडाला लावलं. पहिल्या फुंकीला नुसता वारा गेला. दुसऱ्या फुंकीला सूर निघाला आणि तुटला. लक्ष्याला खोकला आला, त्याने मला खाली केलं. मला वाटलं, संपलं आपलं.

"दम खा," सुकरी म्हणाली. "आमी उभी आहाव."

कोणाचाही हात कमरेवरून सुटला नाही, कोणी पाठ फिरवली नाही. लक्ष्याने सगळ्यांच्या पायांवरून नजर फिरवली, डोळे मिटले आणि गाल फुगवले. आणि मित्रांनो, मी घुमलो! असा घुमलो की खुंट्याचे बैल उठून उभे राहिले. मास्तरांनी वही बाज्यावर ठेवली, वहाणा काढल्या आणि रुपीच्या शेजारी फेरात शिरले. पहिल्या दोन फेऱ्यांना त्यांचे पाय चुकले, तिसरीला नाही चुकले. त्या दिवशी त्यांनी एक ओळही लिहिली नाही.

त्यानंतर मास्तर दरसाल नव्या भाताला यायचे, वही न आणता. घरी बाजा ऐकायचे आणि इथे मला. पुढे त्यांची जव्हारच्या शाळेत बदली झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा लक्ष्या अंगणात वाजवतच होता. सूर तोडायचा नाही म्हणून त्याने नुसती मान हलवली.

तुमच्या काळातही नवे बाजे येतील, मित्रांनो. त्यांनाही प्रेमाने ऐका, माझी काही तक्रार नाही. फक्त घरातला जुना बाजा आढ्याला टांगून ठेवू नका. तो वाजवणाऱ्याचा दम आहे तोवर त्याच्यापुढे जाऊन उभे राहा. मोखाड्याच्या शाळेचे मास्तर, वर्तमानपत्रात लिहिणारा माणूस, त्या निरोपाच्या दिवशी आमच्या अंगणातून गाडीपर्यंत उलटे चालत गेले. वाटेत दोनदा ठेचकाळले, कुंपणाला धोतर अडकलं, गाडीवानाला हसू आवरेना. पण मला त्यांची पाठ काही दिसली नाही.