मिस्त्रींच्या फोनला कुलूप

“बाबा, तुमचा फोन द्या ना जरा. ही तोंडच उघडत नाहीये.”

सुनेनं हात पुढे केला आणि मिस्त्रींनी फोन छातीशी धरला. गेले काही महिने हे रोज जेवणाच्या वेळेला चालायचं. सुनेच्या मांडीवर साडेचार वर्षांची नात होती आणि नातीनं ओठ असे घट्ट मिटले होते की पान्यानंही उघडले नसते. फोनवर ससा नाचल्याशिवाय बाईसाहेब घास घेत नसत. सुनेचा स्वतःचा फोन या वेळी चार्जिंगला लावलेला असे. दोन वाजल्यापासून तिचं घरून काम सुरू व्हायचं, लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं. तेव्हा ससा नाचायचा तो आजोबांच्याच फोनवर.

“देतो, देतो. थांब, लावून देतो.”

मिस्त्रींनी ससा लावला. मग पाठ वळवून पडद्यावर दोन ठिकाणी दाबलं आणि सशाला तिथल्या तिथे कोंडलं. आता फोनमध्ये ससा सोडून काही म्हणजे काही उघडणार नव्हतं. बाहेर पडायचं तर चार आकडे दाबावे लागणार, आणि ते आकडे फक्त त्यांना ठाऊक.

“एवढं काय असतं हो बाबा त्यात?” सून हसत म्हणाली.

“ऑफिसचं असतं.”

ऑफिसचं होतं हे खरं. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करत. एकाच कंपनीत चाळीस वर्षं काढलेला माणूस, शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेलेल्या. पण फोनमध्ये इतरही बरंच होतं. स्कूटर कुठे लावली त्याचा रोजचा फोटो. ऑफिसात नव्यानं आलेल्या दोघांचे चेहरे आणि खाली त्यांची नावं. नातीला शाळेतून कधी आणायचं ती वेळ. आणि एक चिठ्ठी, जी ते स्वतःही शक्यतो उघडत नसत. ‘घरी जाताना पाण्याच्या टाकीपासून डावीकडे. उजवीकडे नाही.’

सहा महिन्यांपूर्वी त्या टाकीपाशी ते स्कूटर थांबवून दहा मिनिटं उभे होते. आजूबाजूची सगळी दुकानं ओळखीची, पण घर कुठल्या बाजूला ते काही केल्या सुचेना. मग सुचलं, आणि घरी येऊन त्यांनी सांगितलं की पेट्रोल संपलं होतं. बायको असती तर एका नजरेत ओळखलं असतं तिनं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. सून बिचारी पोरीच्या मागे आणि कामाच्या मागे. कुणाला सांगायचं आणि कशाला? सांगितलं की दुसऱ्या दिवशी हातातला पाना काढून घेणार. मिस्त्रींना त्याचीच भीती होती, मरणाची नव्हती तेवढी.

म्हणून फोन. जे डोक्यात टिकत नाही ते फोनमध्ये ठेवायचं आणि फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही. पण घरात लहान मूल असताना हे जमावं कसं? मागच्याच आठवड्यात नातीनं सशावरून बोट घसरवलं आणि टाकीची चिठ्ठी उघडली. सुनेनं वाचलीसुद्धा. “हे काय, बाबा?” मिस्त्री म्हणाले, “नवीन माणसाला घरी बोलावलंय, त्याच्यासाठी.” ती बरं म्हणाली, पण मिस्त्रींना घाम फुटला होता.

त्याच संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानवाल्या बाईनं ही कोंडायची युक्ती शिकवली आणि फोन उघडायचा जुना नंबर बदलून द्यायचं म्हटल्यावर डोळे मिचकावले. “काका, एवढं कुणापासून लपवताय?” मिस्त्री लाजल्यासारखे हसले. चावट म्हातारा समजली तर समजू दे. खरं काय ते समजण्यापेक्षा ते बरं.

जुना नंबर त्यांच्या जन्मसालाचा होता, तो सुनेलाही माहीत. नवा त्यांनी असा ठेवला की कुणाला सुचूच नये. आणि मग आपल्याला न सुचला तर पंचाईत नको, म्हणून नीट लिहून ठेवला.

फोनमध्ये.

“घ्या बाबा, संपवलं एकदाचं,” सून म्हणाली आणि फोन त्यांच्या हातात देऊन ताट घेऊन आत गेली. ससा अजून नाचत होता. मिस्त्रींनी दोन ठिकाणी दाबलं. फोननं चार आकडे मागितले. आठ दिवस न अडखळता दाबणारं बोट वर गेलं आणि तिथंच राहिलं.

त्यांनी एक नंबर दाबला. चूक. उलटा करून दाबला. चूक. बोट टेकवून उघडायची सोय होती, पण चाळीस वर्षं तारेचे दोर आणि ग्रीस हाताळलेल्या बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या. फोन त्यांचं बोट माणसाचं मानायलाच तयार नसे. आणखी दोन नंबर दाबून झाले. तीस सेकंद थांबा, असं फोननं सांगितलं.

थांबलेल्या त्या तीस सेकंदांत त्यांना सकाळचं काम आठवलं. म्हणजे अर्धंच आठवलं.

सकाळी ते डोळ्यांच्या दवाखान्याच्या इमारतीत होते. दवाखाना चौथ्या मजल्यावर, आणि तिथल्याच लिफ्टच्या दाराचं कुलूप खराब झालेलं. लिफ्टचं एक साधं असतं. कुठल्याही मजल्याचं दार उघडं असेल तर ती जागची हलत नाही. दुरुस्ती करताना मात्र दार उघडं ठेवून ती हलवावी लागते. त्यासाठी वरच्या मशीनरूममधल्या पॅनेलमध्ये एक छोटी तांबडी वायर लावायची, दोन टोकांना दोन चिमटे. तिला जंपर म्हणतात. जंपर लावला की यंत्राला वाटतं, दार बंद आहे. काम झालं की तो आठवणीनं काढायचा. नाही काढला, तर दार उघडं असतानाही लिफ्ट निघून जाते आणि पुढे पाय टाकणारा सरळ खड्ड्यात जातो. त्या मजल्यावर तर सगळे एका डोळ्यावर पट्टी बांधलेले.

मिस्त्री जंपर लावला की फोटो काढत, काढला की फोटो काढत. ऑफिसात याचं मोठं कौतुक. या वयातही काका किती शिस्तीचे! दोन्ही फोटो आता सशाच्या मागे होते.

त्यांनी खिशातून वायरी काढल्या. तीन. नेहमी चार असत. पण एकीचा चिमटा तुटला म्हणून त्यांनी ती फेकली होती. फेकली होती का? काल? की ते मागच्या महिन्यात? लावल्याचं त्यांना स्पष्ट दिसत होतं, पॅनेल, स्क्रू, स्वतःचा हात. त्यानंतर एकदम घरचा जिना.

शिकाऊ पोरांवर ते आयुष्यभर एकच वाक्य ओरडत आले होते. आठवत नाही म्हणजे काढलेला नाही.

“तुझा फोन दे,” ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले.

“तुमचा काय झाला?”

“दे गं आधी!”

त्यांचा चढा आवाज सुनेनं कधी ऐकला नव्हता. तिनं चार्जरची वायर ओढूनच फोन दिला. मिस्त्रींनी ऑफिसचा नंबर दाबला. वर्षानुवर्षं फिरवलेला तो नंबर मात्र बोटातून धडाधड बाहेर आला. फोन सुपरवायझर मॅडमनी उचलला. बारा वर्षांपूर्वी ही मुलगी त्यांच्या हाताखाली काम शिकली होती. चारचौघांत ते तिला मॅडम म्हणत.

“पोरी, डोळ्यांच्या दवाखान्याची लिफ्ट बंद कर. मेन बंद करायला सांग वॉचमनला. आत्ता.”

“काका? कुणाच्या फोनवरून बोलताय? काय झालं?”

“आधी बंद कर. मग विचार.”

दुसऱ्या फोनवर ती कुणाशी तरी बोलत असलेली ऐकू आली. एक मिनिट गेलं असेल. कुणी पडलं असेल तर? आत्ता, आपण सशाशी झटत होतो तेव्हा?

“बंद केली, काका. सगळे ठीक आहेत. आता सांगा.”

सून शेजारीच उभी होती. नात तिच्या पायाला धरून वर बघत होती. मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड केलं, पण खोली लहान होती.

“जंपर काढला की नाही, मला आठवत नाही.”

“फोटो असेल ना काका. बघा की.”

“फोन उघडत नाहीये. नंबर आठवत नाही.”

“मी निघते,” ती म्हणाली. “तुम्ही या सावकाश.”

सावकाश कसले! मिस्त्री स्कूटरची किल्ली शोधायला लागले, आणि ती त्यांच्या हातातच होती. सुनेनं ती काढून घेतली, नातीला शेजारी सोडलं आणि म्हणाली, “मागे बसा.” स्वतःच्या स्कूटरवर मागे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

सिग्नलला तिनं मान न वळवता विचारलं, “किती दिवस चाललंय हे?”

“सहा महिने.”

“आणि मी रोज फोन मागत होते,” ती म्हणाली. सिग्नल सुटल्यावर मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा कुठे ती हलली.

इमारतीत जिन्यावर गर्दी होती. डोळ्याला पट्टी बांधलेली माणसं कठडा चाचपत एकेक पायरी उतरत होती आणि लिफ्टवाल्यांना नावं ठेवत होती. “मेल्यांना आजच सुचलं!” एक आजीबाई म्हणाल्या. मिस्त्री अंग चोरून त्यांच्याशेजारून वर चढले. सहाव्या मजल्याच्या वरची मशीनरूम उघडी होती आणि मॅडम पॅनेलसमोर उभ्या होत्या, हातात टॉर्च.

“काका, नाहीये. काढलाय तुम्ही. या, बघा.”

मिस्त्रींनी वाकून बघितलं. चौथ्या मजल्याच्या दोन्ही स्क्रूंवर काहीही नव्हतं. चौथी तांबडी वायर पॅनेलच्या दाराला अडकवलेली होती. काढून, नीट गुंडाळून. हे आपल्याच हातांनी केलं, हे त्यांना दिसत होतं. ते खालच्या पेटीवर बसले. कुणी पडणार नव्हतं. बाकी काही का होईना, कुणी पडणार नव्हतं!

मॅडम हसल्या. सुटका झाल्याचं हसू होतं ते. “केवढं घाबरवलंत मला! फोनचं असंच असतं, माझाही मागे अडकला होता. मी लिहून टाकते, नेहमीची तपासणी केली म्हणून.” तिनं खिळ्यावरची कामाची वही काढली.

सून दारात उभी होती आणि जमिनीकडे बघत होती. तीही काही बोलली नसती. फक्त गप्प बसायचं होतं. उद्या दुकानवाली बाई फोन उघडून देईल, टाकीची चिठ्ठी परत मिळेल, आणि परवा पुन्हा हातात पाना. मिस्त्रींना ते इतकं हवंसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

“तसं लिहू नकोस,” ते म्हणाले.

“का?”

“वायर काढलेली तू बघितलीस. मला अजूनही आठवत नाही. फोटो शिस्त म्हणून काढत नव्हतो गं मी. फोटो नसले तर मला काहीच माहीत नसतं. सहा महिने झाले.”

मॅडमनी टॉर्च बंद केला. उजेड होता, तरी तो इतका वेळ चालूच होता.

मिस्त्रींनी तिच्या हातातून वही घेतली आणि स्वतः लिहिलं. ‘जंपर काढल्याचे आठवत नव्हते, म्हणून लिफ्ट बंद केली. जंपर काढलेला होता.’ खाली सही केली. सही हाताला पाठ होती.

“हे मला वर दाखवावं लागेल, काका.”

“दाखव. नाही दाखवलंस तर मीच ओरडेन तुझ्यावर.”

ती हसायला गेली, पण तिला जमलं नाही. तिनं नाक पुसलं आणि पॅनेलकडे वळली. लिफ्ट बंद केली की पुन्हा सुरू करण्याआधी प्रत्येक मजल्याचं दार ओढून बघावं लागतं. पॅनेलपाशी मिस्त्री उभा राहतो आणि शिकाऊ माणूस मजले उतरत जातो, हाच कामाचा रिवाज. मिस्त्री पेटीवरून उठले. त्यांनी तिला जागा करून दिली आणि जिन्याकडे निघाले.

“काका, अहो, मी जाते ना खाली!”

“पॅनेल कुणी सोडायचं नसतं, मॅडम,” ते म्हणाले.

सहावा. त्यांनी दार दोन्ही हातांनी ओढलं, हललं नाही. फटीशी तोंड नेऊन ते ओरडले, “सहावा, बंद!” वरून उत्तर आलं, “सहावा, ऐकलं!” पाचवा. चौथ्यावर ते जरा जास्त वेळ थांबले. एकदा ओढलं, परत ओढलं, खांदा लावून ओढलं. बाकावर बसलेले पेशंट एका डोळ्यानं बघत राहिले. “चौथा, बंद!” तिसरा. दुसरा. पहिला. सून दोन पायऱ्या मागे, पण तिनं हात धरला नाही. धरू दिला नसता त्यांनी, आणि ते तिला कळलं होतं.

तळमजल्यावर पोचेपर्यंत त्यांना दम लागला होता. दारासमोर सात-आठ माणसं ताटकळत होती, त्यांना बाजूला करून त्यांनी शेवटचं दार ओढलं. मग छाती भरून घेतली आणि शिकाऊ असताना जसे ओरडत तसे, अख्खी इमारत ऐकेल असे ओरडले, “तळमजला, बंद!”

“ऐकलं, काका!” सहा मजल्यांवरून आवाज आला.

वरती खटका पडला. दोर हलले. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, आणि मिस्त्रींनी आधी आत वाकून जमीन तपासली. मग दार हातानं धरून ठेवलं आणि एकेकाला आत जाऊ दिलं.