शिवकामीच्या आईचे डोळे

पस्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते मला सापडतंच, अशी माझी रग. गेल्या मंगळवारी ती पुरती जिरली.

कुंभकोणममध्ये माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. ते गेले आणि चौकोनी निगेटिव्हांच्या अकरा पेट्या मागे राहिल्या. निवृत्त झाल्यावर मी स्कॅनर आणला आणि जेवणाचं टेबल बळकावलं. तेव्हापासून माझी बायको पूंगुळली ताट मांडीवर घेऊन जेवते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमच्याकडे टेबलावर मेलेली माणसं बसतात."

शिवकामी पलीकडच्या गल्लीतली, बालवाडीची शिक्षिका. तिच्या आईचा एकुलता एक फोटो वाळवीने खाल्ला. आई गेली तेव्हा शिवकामी तीन वर्षांची होती. आईचा चेहरा तिला ठाऊक तो त्या फोटोमुळेच. आणि शुक्रवारी मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका त्याच फोटोपुढे ठेवायची होती. नशिबाने फोटोमागचा आमच्या स्टुडिओचा नंबर वाळवीने सोडला होता.

"सर, घरात कुठेही उभी राहिले तरी अम्मा माझ्याकडेच बघायची," ती म्हणाली. "तेवढी मला परत द्या."

नंबरावरून पाकीट दहा मिनिटांत सापडलं. तिचा फोटो चेहऱ्यापुरताच होता, म्हणून तेवढाच भाग स्कॅन केला. पडद्यावर बाई आली. चमकी डाव्या नाकपुडीत, आमच्याकडे बायका घालतात तशी उजव्या नाही, आणि डोळे मिटलेले.

चमकीचं कारण लगेच कळलं. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. मी घाईत उलटी ठेवली होती. फिरवली, चमकी उजव्या नाकपुडीत गेली. डोळे मिटलेलेच. मग लक्षात आलं, स्कॅनरची धूळ पुसायची सोय चालू राहिली होती. कृष्णधवल फिल्मवर ती धुळीबरोबर चित्रही खाते. ती बंद केली. डोळे मिटलेलेच. उजेड वाढवला, कमी केला, काच पुसली, निगेटिव्ह भिंगाखाली धरली. शेवटी वडिलांनीच नंबर चुकवला असणार म्हणून त्यांच्यावर चिडलो.

"पापणी लवली असेल," पूंगुळली म्हणाली.

"पाकिटात तीन फोटो आहेत. तिन्हींत मिटलेले. तीनदा लवली?"

"मग दमली असेल बिचारी."

काहीच सुचेना, तेव्हा अख्खी निगेटिव्ह स्कॅन केली. अंगणात खुर्ची, खुर्चीत बाई. कमरेशी एक पांढरं कापड होतं आणि ते खुर्चीच्या पाठीला बांधलेलं होतं. मी माझी खुर्ची मागे सरकवली. पण मग शिवकामीकडे बघणारा तो फोटो कुठला?

स्टुडिओत फोटोंवर ब्रश फिरवणारे आरोक्यसामी अजून आहेत. शहाऐंशी वय, चर्चमागे राहतात. सरळ त्यांच्याकडे गेलो.

"जिवंतपणी तिचा फोटो काढलाच नव्हता रे कुणी," ते म्हणाले. "मग स्मशानात न्यायच्या आधी खुर्चीत बसवून काढायचे. रीतच होती तशी. छापलेल्या फोटोवर डोळे मी उघडायचो. दोन केसांचा ब्रश लागायचा."

"पण तिचे डोळे तुम्ही पाहिले कुठे होते?"

"कुठे पाहणार? तिचे वडील आले होते, नातीला कडेवर घेऊन. पोरीला बिस्किट दिलं, म्हटलं, बघ इकडे. तिचेच डोळे काढले." म्हातारा हसला. "काय टक लावून बघायची! बिस्किट संपलं तरी नजर हलवेना."

परतताना डोकं चालेना. पन्नास वर्षं शिवकामी स्वतःच्याच नजरेला नमस्कार करत होती. सांगावं की नाही? कॉम्प्युटरवर डोळे उघडता येतील, पण घालायचे कुणाचे? घरी आलो तर पूंगुळलीने शिवकामीला कॉफी देऊन टेबलाशी बसवलेलं, आणि पडदा मी बंदच केला नव्हता.

"सर, अम्मा झोपलीय का?"

खोटं सुचलंच नाही. सगळं सांगून टाकलं. तिने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"मग परीक्षेला जाताना फोटोपुढे उभी राहून मी कुणाला सांगून निघायचे?"

शाळेत उत्तर आलं नाही की मी मुलांवर ओरडायचो. इथे ती सोयही नव्हती. मला फार वाईट वाटलं.

मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. खुर्चीमागून आलेला एक हात अम्माची मान सावरून धरत होता. डोळ्यांच्या नादात तो मला दिसलाच नव्हता. मनगटावर गोंदण होतं.

"ही पाट्टी, माझी आजी," शिवकामी म्हणाली. "तिनेच वाढवलं मला. फोटोने आयुष्य कमी होतं म्हणायची. जन्मात एकदाही फोटोसाठी उभी राहिली नाही. आणि लेकीची मान पडू नये म्हणून इथे..."

मी घाईने म्हणालो, "चेहऱ्यापुरता कापून देतो. डोळ्यांचंही बघू काहीतरी."

"काही कापू नका, सर. आहे तसा सगळा द्या."

"अगं, पत्रिकेपुढे असा फोटो? लोक विचारतील, हा हात कुणाचा म्हणून."

"विचारू देत," शिवकामी म्हणाली. "परीक्षेला सोडायला तीच यायची."