दगडावर बसलेला साहेब

मित्रांनो, मी पोंभुर्ण्याजवळच्या एका गावातला जुना कॉम्प्युटर आहे. माझा पंखा घरघरतो, कळा झिजल्या आहेत, पण पोटातलं सगळं शाबूत आहे. आज तेच पुसायला माणसं जमली आहेत. मला फार भीती वाटते हो!

माझी मालकीण खुशबू. गावच्या केबलवर ती मोठ्या माणसांसाठी हसरी कार्टून मालिका करते. चित्रं ती काढते, हलवतो मी. लोक पोट धरून हसायचे. चहाच्या टपरीवर म्हणायचे, "काय पोट्टी हाय बाप्पा, कोनालेच सोडत नाई!" तेव्हा मीही फुगायचो.

मग वाघाचा भाग आला. आमच्याकडे वाघानं माणूस मारला की त्या जागी दगड मांडतात, शेंदूर लावतात, वाघोबा म्हणून पुजतात. खुशबूच्या भागात सांत्वनाला आलेला साहेब बूट घालून त्याच दगडावर बसतो आणि भाषण ठोकतो. झाडामागचा वाघ ते पाहून कपाळावर हात मारून घेतो. टोमणा साहेबाला होता. पण कुणीतरी नुसतं दगडावरच्या बुटांचं चित्र फोनवर फिरवलं. झालं! अख्खा भाग कुणी पाहिला नाही, भडकले मात्र सगळे.

केबलवाले लच्छूभाऊ घामाघूम होऊन आले. "पुसून टाक पोरी, सारीच मालिका. नाई तं माह्यं दुकान जाळतीन हे लोकं."

"भाऊ, दुसरीकडं कुठीच नाई हे," खुशबू रडकुंडीला आली. "माह्यं सारं याच्यातच हाय."

तेवढ्यात गर्दीतून शकुबाई पुढे आली. मागच्या साली वाघानं तिच्याच नवऱ्याला नेलं होतं. "पुसाच्या आंधी मले दाखव," ती म्हणाली.

मी जीव खाऊन भाग चालवला. साहेब दगडावर बसला तशी ती पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

"असाच बसला होता तो, बूट घालून," ती गर्दीकडे वळली. "माह्या मानसाच्या दगडावर. तवा तुमी सारे हार घेऊन उभे होते. त्याले काऊन नाई बोलले?"

पुढचे दोन-चार जण मागे सरकले. पण "थांब" असं कुणी म्हटलं नाही, मित्रांनो. लच्छूभाऊंनी खुशबूचा हात धरून कळ दाबायला लावली.

आणि पुसणारा कोण? मीच! वाघ गेला. साहेब जातो आहे. हुकूम आला की मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं ना? मग म्हणा ना रे, कुणीतरी म्हणा!